प्रुइटांची टर्की आणि दोन वाहिन्या

ओहायोतल्या वेंडेल प्रुइटच्या घरात बंदूक नव्हती. उंदराचा एक पिंजरा होता, तोही बिघडलेला. तरी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुपारी वेंडेलने केलेल्या गोळीबाराची चर्चा राज्यभर झाली.

त्या दिवशी त्याच्या मुलीचे, कॅसिडीचे, होणारे सासूसासरे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. सासरे जेराल्ड अ‍ॅबरनाथी म्हणजे बंदुकांविरुद्ध मोर्चे काढणारा माणूस. वेंडेलची बायको लॉरेटा आठवडाभर बजावत होती, "राजकारण काढू नकोस. बंदुकांचा विषय नको. आणि टर्की आदल्या दिवशीच फ्रीझरमधून बाहेर काढ." पहिल्या दोन गोष्टी वेंडेलने नीट लक्षात ठेवल्या.

सणाच्या जेवणाचा तो कोंबडीच्या चौपट पक्षी, दगडासारखी गोठलेली ती टर्की, त्याने तळायला म्हणून अंगणातल्या उकळत्या तेलाच्या पातेल्यात सोडली. उकळत्या तेलात बर्फ पडताच असा काही धडाका उडाला की टर्की गॅरेजच्या छपरावर जाऊन बसली, पातेलं आडवं झालं आणि वेंडेलच्या भुवया जळाल्या. शेजारच्या हॉपरबाईंनी लगेच शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, कळवलं, की प्रुइटांकडे गोळी झाडली.

शेरीफ जेवायला बसला होता, तो उठला नाही. पण पुढच्या आठवड्यात बंदुकांच्या कायद्यावर मतदान होतं, आणि दोन वृत्तवाहिन्यांच्या गाड्या पोलिसांचा वायरलेस ऐकत एका गोळीच्या शोधात गावभर भटकत होत्या. त्यांना आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. दोन्ही गाड्या प्रुइटांच्या हिरवळीवर येऊन थडकल्या.

"हातात शस्त्र होतं म्हणून हे कुटुंब आज वाचलं," लाल टायवाला आपल्या कॅमेऱ्याला सांगू लागला.

"बंदुकीने सणाचा दिवससुद्धा सोडला नाही," निळ्या कोटातली बाई आपल्या कॅमेऱ्याला म्हणाली. "बघा या माणसाच्या भुवया."

"अहो, बंदूक कुठली? टर्की होती," वेंडेल म्हणाला.

"म्हणजे चोर टर्की पळवत होता?" लाल टायने विचारलं.

"म्हणजे मुक्या पक्ष्यांवरही गोळीबार?" निळ्या कोटाने विचारलं.

लाल टायने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लाजू नका हो. झुडपात कुणीतरी होतं ना?"

गोठलेली टर्की तेलात टाकणारा गाढव ठरण्यापेक्षा घराचा शूर रक्षक ठरलेलं काय वाईट, असं वेंडेलला वाटून गेलं. त्याने झुडपाकडे जरा संशयाने पाहिलंदेखील. तेवढ्यात लॉरेटा खिडकीतून ओरडली, "अरे, जावयाचा फोन होता. सगळे पेट्रोल पंपावर थांबून मोबाईलवर तुलाच बघतायत. विहीणबाई, मार्थाबाई, म्हणतात, मागे फिरा, असल्या घरात सोयरीक नको. कॅसिडी रडतेय आत."

वेंडेलची मर्दुमकी तिथेच गळाली. त्याने दोन्ही माईक ओढले. "मी मूर्ख आहे. गोठलेली टर्की तेलात टाकली. घरात बंदूक नाही." लाल टायने त्याचा आवाजच बंद करून टाकला. निळ्या कोटाने 'मी मूर्ख आहे' एवढंच ठेवलं आणि तेच पुन्हा पुन्हा दाखवलं.

आता संपलं सगळं, म्हणत वेंडेल पायरीवर बसला. तर अ‍ॅबरनाथींची गाडी दारात. जेराल्ड उतरले ते चंदेरी कागदात गुंडाळलेली भाजलेली टर्की घेऊनच.

"बातम्या बघूनही आलात?" वेंडेलने विचारलं.

"बातम्या ऐकतोय कोण? तुमच्या मागे ते आडवं पातेलं दिसलं, तेव्हा मार्थाला कसंबसं समजावलं आणि वाटेत ही तयार टर्की घेतली." जेराल्ड जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी माझं गॅरेज असंच जळालं. मार्थाला सांगितलंय, वीज पडली."

मार्थाबाई मागून आल्याच. "केवढा धडाका झाला म्हणे इथे. आमच्याकडेही गेल्या नोव्हेंबरात वीज पडली होती. आकाशात एक ढग नव्हता, तरी."

वेंडेलने दारात डोळे पुसत उभ्या असलेल्या कॅसिडीकडे पाहिलं. जेराल्ड टर्की छातीशी धरून श्वास रोखून उभे होते. दोन्ही कॅमेरे चालू होते.

"पडते ना, विहीणबाई," वेंडेल गंभीरपणे म्हणाला. "ओहायोत नोव्हेंबरात तशीच पडते."