कच्ची विद्यार्थिनी, एक नग

शिक्षणाने माणूस सुधारतो, हे सर्वमान्य सत्य आहे. किती सुधारला, हे मात्र तक्ता क्रमांक चारमध्ये दोन प्रतींत भरून द्यावे लागते. आम्हा छात्राध्यापकांना सरावासाठी एका शाळेत धाडले जाते आणि शेवटच्या तीन आठवड्यांत प्रत्येकाने एक कच्चा विद्यार्थी शोधून पक्का करायचा असतो. आधी पूर्वचाचणी, मग उपाययोजना, मग उत्तरचाचणी. दोन्हींच्या गुणांत फरक पडला नाही, तर छात्राध्यापक नापास. (विद्यार्थ्याचे काय होते, यासाठी तक्त्यात रकाना नाही.)

ही पद्धत अत्यंत शास्त्रीय आहे. आमच्या पाहणीनुसार कोणत्याही तासाला निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहतो आणि एक तृतीयांश वर्ग घड्याळाकडे, म्हणजे एकूण दोन पंचमांश वर्ग आपल्या हातून निसटलेला असतो. बाकीचे आपल्या पँटला लागलेला खडू पाहतात आणि मधल्या सुट्टीत इतरांना दाखवतात.

खरी अडचण पुरवठ्याची. कच्चे विद्यार्थी पुष्कळ असतात, पण अस्सल कच्चा तीन आठवड्यांत पक्का होत नाही, त्यामुळे तो शास्त्राच्या उपयोगाचा नाही. सुदैवाने शाळेकडे सहावीतली एक अनुभवी कच्ची विद्यार्थिनी होती. मार्गदर्शक बाईंनी कपाटातून नकाशा काढून द्यावा तशी ती माझ्या हवाली केली.

"जपून वापरा हं," बाई म्हणाल्या. "पुढच्या तुकडीलाही लागेल."

तिचे काम चोख. पूर्वचाचणीत वीसपैकी तीन, उत्तरचाचणीत सतरा. अठरा कधीच नाही, कारण अठराला परीक्षकांच्या भुवया वर जातात. दुसऱ्या आठवड्यात "अच्छा, असं होय!" हे उद्गार ती न सांगता काढायची, निरीक्षक मागे बसलेले असतील तर जरा मोठ्याने. दोन वर्षांत तिने सात छात्राध्यापक पास करून दिले होते.

आठवा मी. माझ्या पूर्वचाचणीत तिने वीसपैकी वीस मिळवले.

"अगं, चुकून झालं का?" मी घाम पुसत विचारले.

"नाही सर. मी काम सोडलंय. पुढच्या वर्षी मला वरच्या गणिताच्या वर्गात बसायचंय, आणि रजिस्टरात माझ्यापुढे सात वेळा 'कच्ची' लिहिलंय. बाई घेतच नाहीत."

"पण सात वेळा 'सुधारली' असंही लिहिलंय की!"

"तेच तर. सात वेळा सुधारली म्हणजे मध्ये सहा वेळा बिघडली असणार, असं म्हणतात बाई."

मला फार वाईट वाटले, मुख्यतः माझ्याबद्दल. शेवटचे एकदा तीन गुण मिळव, मी गयावया केली. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि प्रश्नपत्रिका माझ्यापुढे सरकवली.

"कच्चं कुणी तरी हवंय ना? तुम्ही सोडवून बघा बरं."

मला वीसपैकी तीन मिळाले. (पदवीला गणित हाच माझा विषय. प्रथम श्रेणी.)

"अर्धा अधिक पाव, तुमचं उत्तर दोन षष्ठांश," ती म्हणाली. "वरचे वरच्यांत मिळवता, खालचे खालच्यांत. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झालं? गेलं कुठं, सर?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलेच नव्हते. पुढचे नऊ दिवस मधल्या सुट्टीत मी शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, कागदाच्या पट्ट्या दुमडत बसलो. पाचव्या दिवशी माझ्या तोंडून "अच्छा, असं होय!" इतक्या जोरात निघाले की शिपाईकाका धावत आले. मी हर्षभराने त्यांनाही एक पट्टी दिली. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीची तावदाने, बाईंचा डबा, दिसेल त्याचे मी सहा भाग करत सुटलो. पदवी मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. उत्तरचाचणीत सतरा! (खरे अठरा होते. भुवयांचा विचार करून तिने एक कापला.)

तक्ता मी प्रामाणिकपणे भरला. विद्यार्थी: मी. अध्यापक: ती. आमच्या अध्यापक महाविद्यालयाच्या प्राध्यापकसाहेबांनी फक्त फरकाचा रकाना पाहिला, "चौदा! उत्तम परिणाम!" म्हणाले आणि दोन्ही प्रतींवर सही ठोकली. मी पास झालो. सही-शिक्क्याचा कागद पाहून बाईंचा मात्र नाइलाज झाला. एकच व्यक्ती कच्चीही आणि अध्यापकही असणे शक्य नाही, असे म्हणून त्यांनी तिचे नाव वरच्या गणिताच्या वर्गात घातले. (मी गप्प राहिलो.)

आता राहिले हे आत्मचिंतन, सरावाच्या शेवटी जोडायचे. देण्यापूर्वी मी ते तिच्याकडून तपासून घेतले. दुसरा परिच्छेद मी पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवला होता. खिडकी आणि घड्याळाच्या वाक्याखाली तिने लाल रेघ ओढली. मी लाजून खोडायला गेलो, तर तिने माझा हात धरला.

"राहू द्या, सर. वाचणाऱ्यांची पूर्वचाचणी होईल."

तेव्हा वाचकहो, ते वाक्य आपण मान डोलावत ओलांडलेत, त्याची नोंद झाली आहे. मधल्या सुट्टीत या. शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी जागा आहे, फक्त गुडघे पोटाशी घ्यावे लागतात.