केरळातला फुटका बांध आणि माझी हुशारी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर बोटीवर चला. साधी बोट नव्हे हं! पाण्यावर तरंगणारं अख्खं घर. दोन्ही काठांना नारळ, मधून संथ नदी, पुढच्या खुर्चीत मी, आणि शेजारी माझा मित्र जयराम. त्याचं तोंड असं, की जणू आम्ही त्याला कुणाच्या दहाव्याला घेऊन चाललोय!

जयराम सापगावचा. गेल्या वर्षी त्याचं सगळं भातशेत नव्या मोठ्या रस्त्याखाली गेलं. तेव्हापासून तो ओट्यावर बसून असायचा. नखांतला चिखल गेला आणि तोंडातले शब्दही गेले. शेवटी मी त्याच्या सुनेला म्हटलं, "वंदना, चार दिवस सासऱ्यांना माझ्या ताब्यात दे. हसवून परत आणतो!"

छत्तीस वर्षं मी शहापूर तालुक्यात पोरं शिकवली. रडकं पोर कसं हसवायचं, हे मला कुणी सांगायला नको. मी विश्रांतीचं वेळापत्रकच करून नेलं. सात ते आठ, पाणी पाहणे. आठ ते नऊ, चहा घेत पाणी पाहणे. जयरामची आठ वर्षांची नात निशिगंधाही सोबत आली. "आजोबा एकटे नाय जायचे," असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

पहिला दिवस असा गेला:

"जयराम, पाणी बघ कसं!"

"पानी हाय."

"आणि ते नारळ?"

"नारल हायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट एका बांधाला बांधली. चालकाला थोडी हिंदी यायची, तो भाजी आणायला गावात गेला. मागे राहिला स्वयंपाकी. त्याला फक्त मल्याळम येई आणि आम्हाला ती सोडून बाकी सगळं!

तेवढ्यात जयराम ताडकन उठला. वर्षभरात मी त्याला इतक्या वेगानं उठताना पाहिलं नव्हतं.

"मास्तर! नदी वर न् शेत खाली?"

"इकडे तसंच असतं रे. बांध घालून..."

"अरे, बांद फुटलाय! बघा ना, पानी आत घुसतंय!"

खरंच की! बांधाला हातभर खांड पडली होती आणि नदी धो धो अर्धंअधिक बुडालेल्या शेतात उतरत होती. मी पुढचं वाक्य जुळवेपर्यंत जयराम धोतर खोचून चिखलात उतरलासुद्धा!

"पेंढा आना! निशू, त्या झावल्या ओढ गो!"

स्वयंपाकी धावत आला. दोन्ही हात हलवत तो जिवाच्या आकांतानं ओरडू लागला.

"काय बोलतो तो?" जयरामनं विचारलं.

आता, माणसाचा चेहरा वाचण्यात माझा हात कोण धरणार? मी छातीठोकपणे सांगितलं, "लवकर करा म्हणतोय!"

आम्ही लवकर केलं. तो आणखी ओरडला. मी म्हटलं, "आणखी माती घाला म्हणतोय!" त्यानं कपाळावर हात मारला. "बिचारा! त्याचंच शेत असणार," असं म्हणून मी बोटीवरच्या दोन गाद्याही खांडीत टाकल्या! जयराम थरावर थर रचत होता. पेंढा, चिखल, मग वर नाचून घट्ट. घामानं निथळत तो चक्क गुणगुणत होता. पाणी थांबलं. मी खिशातून वेळापत्रक काढून 'विश्रांती' या शब्दावर काट मारली.

आणि मग ती आली. बदकं! हजारभर असतील. रांगेनं पोहत आली, आमच्या बांधापाशी थांबली आणि शाळा बंद असल्यासारखी आमच्याकडे बघत राहिली. मागून होडीत लांब काठी घेतलेला बदकवाला. त्याच्यामागून भाजीची पिशवी घेऊन आमचा चालक. त्यानं हिंदीत सांगितलं ते असं: शेताची कापणी झालीय. बदकांना पडलेले दाणे खायला मिळावेत, म्हणून गावानं आज सकाळीच हा बांध मुद्दाम फोडला होता.

बदकवाला हसला. चालक हसला. शेजारच्या बोटीतल्या पाहुण्यांनी फोटो काढले.

जयराम नाही हसला. चिखलात तसाच उभा राहिला, हात लोंबते.

"म्हंजे इथंबी माझं काय काम नाय," तो म्हणाला.

हसवायला आणलेल्या माणसाला मीच परक्या मुलखात हसं करून ठेवलं होतं.

बदकवाल्यानं फावडं घेऊन आमच्या बांधावर घाव घातला. फावडं रुतलं, माती हलेना. चालकानं हात लावला. पुढे स्वयंपाकीही भिडला. तिघं दमले, बांध जागचा हलला नाही. बदकवाल्याचं हसू मावळलं. तो खाली वाकून मातीचे थर बोटानं चाचपू लागला, मग जयरामकडे वळून हळू आवाजात काहीतरी बोलला.

अर्थ मी ओळखला! सांगायला तोंड उघडलं.

तोवर निशिगंधा चिखलात उतरली होती. तिनं बदकवाल्याच्या हातातून फावडं काढून घेतलं आणि आजोबांच्या हातात दिलं. मग माझ्याकडे आली, आणि आपला चिखलानं भरलेला हात तिनं माझ्या तोंडावर घट्ट दाबून धरला.