दुसऱ्या कडव्यातली खरखर

लेकीच्या बँडचं पहिलंवहिलं गाणं दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध व्हायचं होतं आणि त्याची फाइल संध्याकाळी सहाच्या आत वितरकाकडे पोचायला हवी होती. सकाळी घरचं इंटरनेट बंद होतं, म्हणून लेक तालमीला जाताना पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून गेली. "इंटरनेट आलं की नुसती पाठवा, बाबा," असं तिने दोनदा बजावलं.

पण बाबांनी तीस वर्षं रेडिओच्या नोकरीत जुन्या टेपांवरची खरखर काढली होती. फ्रिजची घरघर जराशी बदलली तरी त्यांना पलीकडच्या खोलीत कळायचं. असा माणूस न ऐकता फाइल पाठवणं शक्यच नव्हतं. त्यांनी हेडफोन लावला. गिटार किंचाळत होती, मागे अखंड खरखर चालू होती आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी त्यांची मुलगी गात होती. पोरांनी कसल्या भिकार माइकवर गाणं केलं असेल, या विचाराने त्यांना गलबलून आलं.

त्यांनी बाह्या सरसावल्या. चार तास खपून गाणं लख्ख केलं, मूळ फाइल पुसून तिच्या जागी ठेवलं, वितरकाला पाठवलं आणि मोठ्या अभिमानाने लेकीच्या फोनवरही धाडलं.

सव्वापाचला लेक आणि ड्रमर धापा टाकत घरात आले. त्या धावपळीत बँडकडची दुसरी प्रत तालमीच्या खोलीत राहिली होती, खोलीला कुलूप लागलं होतं आणि वितरकाकडची फाइल बदलायला पाऊण तासच उरला होता.

"काका, याला नॉइज पॉप म्हणतात, यात खरखर मुद्दाम घालतात," ड्रमर म्हणाला. "ती खरखर बनवायला चार महिने लागले. त्यात तुमचा माळ्यावरचा बिघडलेला रेडिओपण आहे."

बाबा ओशाळले. पण त्यांची एक जुनी खोड कामाला आली. काढलेली खरखर ते कधी फेकून देत नसत. ‘काढलेले’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ती शाबूत होती. ते ती परत गाण्यात घालू लागले.

लेक स्क्रीनकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती. "दुसऱ्या कडव्याचे शब्द ऐकलेत?"

"स्वच्छ आले ना. ‘फ्रिजची घरघर ऐकणारा माणूस भिंतीपलीकडचं रडणं कसं ऐकत नाही’... हे माझ्यावर आहे?" बाबांनी विचारलं.

"म्हणून तर तिथे सगळ्यात जास्त खरखर घातली होती."

ड्रमरला एकाएकी तहान लागली आणि तो स्वयंपाकघरात गेला.

बाबांना फार वाईट वाटलं. "तुझं रडणं मला ऐकू यायचं," ते म्हणाले. "येऊन काय बोलायचं, ते कळायचं नाही."

मग त्यांनी दुसऱ्या कडव्यावरची खरखर होती त्याहून वाढवली, अगदी शब्द बुडेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठल्या गाण्यात खरखर वाढवत होते. लेक थोडा वेळ ऐकत राहिली. मग त्यांच्या हातातला माउस घेऊन तिने ती कमी केली, पहिल्यापेक्षाही कमी.

"एवढं ऐकू येऊ दे," ती म्हणाली. "पाठवा आता."

सहाला चार मिनिटं होती. या वेळी बाबांनी नुसती पाठवली.