बसप्पाअण्णांचा डावा हात

बसप्पाअण्णांना वार विचारला की ते कॅलेंडर बघत नसत, डाव्या हाताची बाही वर सारत. मनगटापासून कोपरापर्यंत शाईच्या पेनाने आखलेल्या सहा चौकटी. त्या त्या दिवशी बनलेला माल आधी तिथे लावून बघायचा: सोमवारी स्नो, मंगळवारी काजळ, बुधवारी केसांचं तेल. जी चौकट ओली, तो आजचा वार. रविवारी विचारलंत तर म्हणत, "आज वारच न्हाय."

सोलापुरातल्या आमच्या स्नो-पावडरच्या छोट्या कारखान्यात माल ढवळायचं काम त्यांचं, बाटल्यांवर लेबलं चिकटवायचं माझं. मी मालवणकडची, सातवीत शाळा सुटलेली, दूरच्या मावशीच्या आधाराने इथवर आलेली. हे काम गेलं तर कुठे जायचं, ही धाकधूक सदाची. पहिल्याच आठवड्यात खळीने बोटं फुटली तेव्हा अण्णांनी मलम आणलं. आधी स्वतःला लावून चार दिवस थांबले, मग मला दिलं. "यव्वा, आदी माजं कातडं, मग जगाचं." तोवर माझी बोटं आपोआप बरी झाली होती. पण परमुलखात माझ्या बोटांची चौकशी करणारं दुसरं होतं कोण?

उजवा हात मात्र कोरा. "त्यो राखीव हाय," एवढंच म्हणायचे.

दुपारी पावडर चाळली की खोलीत पांढरं धुकं भरायचं. शेजारच्या यंत्रमागांची खटखट फार लांबून आल्यासारखी वाटायची, आणि कपाळी भस्माचे तीन पट्टे ओढलेले अण्णा त्या धुक्यात तरंगताना दिसायचे.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. कारखान्याचे मालक शेठजी, त्यांनी नवा शांपू काढला. मुंबईचा व्यापारी म्हणाला, सशांच्या डोळ्यांत घालून बघा, मगच ऑर्डर. पिंजरा आला, चार पांढरे ससे आले.

अण्णा पिंजऱ्यासमोर बसले. "शेठ, ससा नटून कुटं जाणार हाय? कुणाच्या लग्नाला?"

आम्ही हसलो. शेठजी हसले नाहीत. "अण्णा, विलायतेत अशीच रीत आहे."

"आसंल की. पर गुरुवारची, शांपूची चौकट बगा." बाही वर गेली. चौकट लालभडक. "माजा हात सांगतोय, लई झोंबतंय म्हून. हाताचं ऐकत न्हाय, आन् सशाच्या डोळ्याला इचारताय?"

"ऑर्डर गेली तर कारखाना तुम्ही चालवणार?"

अण्णा, गप्प बसा हो, असं मी मनात म्हणाले. अजून त्याची लाज वाटते.

शेठजींनी ड्रॉपर भरला. अण्णांनी एक ससा मांडीवर घेतला आणि स्वतःचाच डोळा बोटांनी ताणून वर केला. "घाला. हितं घाला."

शेठजींचा हात थांबला. "अण्णा, डोळा जाईल तुमचा!"

"व्हय की. त्येच तर म्हंतोय."

शेठजींनी ड्रॉपर मोरीत रिकामा केला. ऑर्डर गेली. शांपू नव्याने जमेपर्यंत आम्ही काजळावर निभावलं. ससे परत न्यायला कोणी आलं नाही.

एका दुपारी जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी अण्णा दिसेनात. मी बघायला गेले, तर ते परसात कडुलिंबाखाली उताणे पडलेले. उजवा हात पसरलेला, आणि त्याच्यावर डोकं टेकून एक ससा गाढ झोपलेला.

"अण्णा, घंटा झाली."

"हळू बोल की, यव्वा." हात तसूभर हलला नाही. "हितं माजी सावित्री निजायची. तीन वर्सांची हुती."

दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते. सावित्री नावाचं कोणी होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी आत आले आणि त्यांचं ढवळणं हाती घेतलं. शेठजींनी दारातून विचारलं, "अण्णा कुठायत?"

"येतील," मी म्हणाले, "ससा उठला की."