पंचवीस किलोची नर्तकी

गुरुवारी जेवण झाल्यावर मी एक साधा निर्णय घेतला: आता सोफ्यावरून उठायचं नाही. (हा निर्णय मी रोजच घेतो.) पण त्या दिवशी रिमोट बागिलाच्या हातात होता. बागिला म्हणजे माझी बायको; इथं ताराझ शहरातल्या सांस्कृतिक भवनात पोरांना नाच शिकवते. तिनं नर्तकांच्या ताकदीवरची मालिका लावली. पडद्यावर एका नर्तकानं नर्तकीला चक्क एका हातानं डोक्यावर धरलं होतं, आणि वर तो हसतही होता.

"यात कसली आलीय ताकद?" मी म्हणालो. "पोरगी असेल पन्नास किलोची. तरुणपणी मी अख्खा मेंढा खांद्यावर टाकून आणायचो."

"ओरडायचं कोण? मेंढा की तुम्ही?"

मी पाय पोटाशी घेतले.

"अहो, मेंढा राहू द्या. रविवारपर्यंत पाठ तेवढी सांभाळा," ती म्हणाली.

रविवारी माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे दौरेनच्या मुलाचा तुसाउ केसू, म्हणजे पायांचा दोरा कापायचा विधी होता. पोर पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचा पेड बांधायचा. जो माणूस तो कापेल, त्याची चाल पोराला लागते. म्हणून माणूस पारखून निवडतात. आणि या खेपेला निवडलं होतं मला! चोवीस वर्षांत सासरी मला चहाचा समोवार उचलण्यापलीकडे मान नव्हता. दौरेन म्हणाला होता, "भावोजी सव्वीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात एकाच खुर्चीवर आहेत. पोरगं असंच स्थिर निघू दे." खरं सांगतो, मला भरून आलं होतं.

शनिवारी बागिला समारंभासाठी बाउरसाकचे गोळे तळायला माहेरी गेली. घरात उरलो मी आणि पिठाचं पोतं. पोतं होतं पंचवीस किलोचं (म्हणजे अर्धीच नर्तकी). छातीपर्यंत आलं. डोक्यावर न्यायच्या आधी मी हसायला सुरुवात केली, आणि तिथेच घात झाला. कमरेत काहीतरी कडकन वाजलं, पोतं फुटलं, आणि मी पांढराशुभ्र होऊन तसाच वाकलेला राहिलो.

सांगावं, तर मान दुसऱ्याला जाणार. मी झाडू मारला आणि तोंडाला कुलूप लावलं.

"जावई, असे वाकून का चालताय?" दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दारातच विचारलं.

"तुमच्यासमोर ताठ चालू होय? माझ्यावर तसे संस्कार नाहीत."

सासूबाई खूश! दोरा कापायला वाकावं लागतं, आणि मी वाकलेलोच होतो. कात्री चालली, टाळ्या पडल्या. आता बाळाचं बोट धरून पांढऱ्या कापडावरून चालायचं होतं. मला उठताच येईना. मग आम्ही दोघं साधारण एकाच उंचीवरून निघालो. बाळानं माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्यासारखाच एक हात कमरेवर ठेवला. "ओय... ओय..." करत तीन पावलं टाकली, कापड सोडून थेट सोफा गाठला आणि रिमोट हातात घेतला.

"ओयबाय! लागली गं, चाल लागली!" सासूबाईंनी हंबरडा फोडला.

दौरेन माझ्याकडे असा बघत होता, की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी सगळं कबूल केलं. (कानात पीठ होतंच.)

"पेड पुन्हा बांधा!" सासूबाई गरजल्या. "बागिला, तू काप."

बागिलानं कापला. बाळ तिचं बोट धरून ताठ मानेनं कापडाच्या टोकापर्यंत गेलं. दौरेनचा जीव भांड्यात पडला. मग बागिला माझ्याकडे वळली, माझ्या काखेत हात घातला आणि मला उचलून सोफ्यावर ठेवलं. आणि वर ती हसतही होती.

"दोरा उरलाय," सासूबाई म्हणाल्या. "जावयाच्या पायांना बांधा. यांचाही होऊन जाऊ दे."

त्रेपन्नाव्या वर्षी, सगळ्या सासरच्यांसमोर, माझ्या बायकोनं माझ्या पायांतला पेड कापला. टाळ्या बाळापेक्षा मलाच जास्त पडल्या.

घरचे म्हणतात, गुण आहे. आता मी स्वयंपाकघरापर्यंत एकटा जातो.