रोज एकच पान

माझी नात नंदिनी जन्मली, ते साल त्र्याण्णव. तिच्या बारशाला मी पाळण्यामागच्या भिंतीवर कोळशानं तिचं नाव लिहिलं. वय माझं अठ्ठावन्न. जन्मभर भिंती बांधल्या, पण भिंतीवर लिहायची ही पहिलीच वेळ! सून तोंडाला पदर लावून म्हणाली, "मामाजी, परवाच चुना मारला होता." मी म्हटलं, "चुना दरसाली मारता येते, नात दरसाली येते का?"

मी गवंडी. सेवाग्रामच्या दवाखान्याच्या एका भिंतीत माझ्या हातच्या विटा आहेत. पण त्या भिंतीवरची पाटी मला वाचता यायची नाही. मग त्याच साली, बारशाआधी, गावात साक्षरतेचा वर्ग आला. निवृत्त मास्तर मधुकरराव यांनी माझा थापी धरून दगड झालेला हात हातात घेतला आणि अ काढायला लावला. वर्ग संपला तेव्हा प्रत्येकाला एकेक पुस्तिका मिळाली. कोणाला शेळीपालनाची, कोणाला बियाण्याची. माझ्या वाट्याला आली पोटाच्या आणि आहाराच्या दुखण्यांची. चोवीस पानं. पानागणिक एक दुखणं: ओळखायचं कसं, करायचं काय, दवाखान्यात न्यायचं केव्हा.

मधुकररावांनी बजावलं, "चिंधू, रोज एकच पान. ते पाठ झाल्याशिवाय पुढचं उलटायचं नाही."

मला हा नियम फार पटला. खालचा थर धरल्याशिवाय वरचा थर ठेवला की भिंत पडते, हे गवंड्याला कोणी शिकवावं लागत नाही! मी घरी आलो, माझ्या बायकोच्या, जिजाबाईच्या, केसांतला एक आकडा काढला आणि न वाचलेली सारी पानं त्यात आवळून टाकली. चुकूनही डोळा पुढं जायला नको.

"अवो, माहा आकडा काऊन घेतला?"

"पुस्तकाले कुलूप लावतो."

"लावा. पन मंग मी का झिपऱ्या सोडून वावरात जाऊ? लोकं म्हनतीन, अंगात आलं!"

तिसऱ्या पानावर जुलाब होते. त्याच दिवशी किराणावाला मोतीलालशेठ दुकान सोडून दर घटकेला लोटा घेऊन पळत होता. मी पानात लिहिल्याप्रमाणे उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून त्याला घोट घोट पाजलं. संध्याकाळी शेठ गादीवर बसला! त्यानं गावभर सांगितलं, चिंधू गवंडी डॉक्टर झाला. झालं! ज्या दिवशी जे पान, त्या दिवशी गावाला ते दुखणं. जंतांच्या पानाला मी अर्धी गल्ली नर्सबाईच्या दारात नेऊन उभी केली. बद्धकोष्ठाच्या पानाला तर भेटेल त्याला विचारायचो, "सकाळी झाली का?" मला दुरून पाहिलं की लोक गोठ्यात शिरायचे.

रोज संध्याकाळी मी ओट्यावर बसून वाचायचो आणि जिजाबाई तूर निवडत ऐकायची. मी अडखळलो की तिचा हात थांबायचा. अक्षर सुटलं की हात पुन्हा चालू.

दहाव्या पानाला आम्लपित्त होतं. त्याच दिवशी भजी खाल्ल्यावर जिजाबाईला उजव्या बरगडीखाली कळ आली. मी खूष! "आम्लपित्त! आजच वाचलं!" थंड दूध दिलं. कळ गेली. मी मिशीवरून हात फिरवला.

अकराव्या पानाला रक्तक्षय. ती थकलेली दिसत होती, जेवणावर मन नव्हतं. पानात होतं, गूळ-शेंगदाणे द्या, पालेभाजी द्या. मी दिले. नको म्हणाली तरी दिले. पुन्हा कळ. पान मोठं होतं, पाठ व्हायला तीन दिवस लागले. तीन दिवस मी शेंगदाणे चालू ठेवले.

तिसऱ्या दिवशी धम्मदीप, माझा मुलगा, कामावरून आला आणि दारातच थबकला.

"बा, मायचे डोळे पाह्यले का? हळद लावल्यावानी पिवळे दिसून राह्यले. कावीळ त नाई?"

"कावीळ? अजून नाई."

"अजून नाई मंजे?"

"मंजे पुस्तकात अजून आली नाई. आपन रक्तक्षयावर हावो."

जिजाबाई हसली. बरगडी धरून हसली, म्हणाली, "घे! आता काविळीनं बी नंबर लावून यावं!"

"माय, तू उद्या दवाखान्यात चाल."

"जाईन ना रे. थे आपले वाचून राह्यले, वाचू दे."

शेजारची शकुबाई आली. तिनं पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "चिंधूभाऊ, कावीळच हाय. गळ्यात मुळीची माळ घाला. माळ वाढत जाते, कावीळ उतरत जाते."

"शकुबाई, मी शिकलेला मानूस हावो. माळ-बीळ चालनार नाई!"

"मंग तुमच्या पुस्तकात पाहा."

"पाहीन. त्या पानावर गेलो की पाहीन."

"आता पाहाले का झालं?"

"नियम हाय!"

शकुबाई जिजाबाईकडं वळली. "बाई, तुले हा कुठं भेटला वं?"

बाराव्या पानाला रातांधळेपणा आला. डोळ्यांचंच पान! मला वाटलं, आता सापडलं. गाजरं आणली, शेवग्याचा पाला शिजवला. जिजाबाई अंग खाजवत होती. लघवी काळ्या चहासारखी होते, असं ती सुनेला सांगायची, मला नाही. त्या संध्याकाळी मी वाचता वाचता विचारलं, "खरंच जायचं का वं दवाखान्यात?"

ती म्हणाली, "तेथं वाचनार कोन? चाळीस सालात तुमी मायासंगं एवढं कधी बोलले नोहते. वीट दे, पानी दे, एवढंच. वाचा."

मी वाचलं. त्या पानाला दोन दिवस लागले, कारण ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. तेराव्याला एक, चौदाव्याला एक.

पंधराव्या पानाच्या दिवशी सकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. मग ती मला मधुकरराव समजून म्हणाली, "मास्तर, त्याइले रागावू नोका, थे शिकून राह्यले."

धम्मदीपनं माझ्या हातातून पुस्तिका ओढली आणि आकडा उपसला. आकडा उडून चुलीपाशी पडला. पोरानं पानं उलटली आणि एकोणिसाव्यावर थांबला. मोठ्यानं वाचू लागला. डोळे पिवळे. लघवी गडद. अंगाला खाज. अन्नावर वासना नाही. तेलकट, तुपकट, शेंगदाणे देऊ नयेत. उजव्या बरगडीखाली कळ आणि थंडी वाजून ताप असल्यास...

पुढचं त्यानं वाचलं नाही. मीच वाचलं. न अडखळता वाचलं. "त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे."

मोतीलालशेठनं आपली जीप काढली. सेवाग्रामला पोचलो तेव्हा जिजाबाईची मान माझ्या खांद्यावर होती आणि मोकळे केस माझ्या तोंडावर उडत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं विचारलं, "डोळे किती दिवसांपासून पिवळे आहेत?"

"पान अकरापासून."

"काय?"

मी बोटं मोजली. रक्तक्षयाचा शेवटचा दिवस, रातांधळेपणाचे दोन, मग एक, एक. "आज सहावा दिवस हाय बाई."

ती भराभर लिहू लागली. मग समजावलं की पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, आत पू झालाय, विष रक्तात गेलंय. लवकर आणलं असतं तर खडा काढता आला असता. आताही प्रयत्न करू, म्हणाली. त्यांनी केला.

मला बाहेर बसवलं. समोर दारावर पाटी होती. अतिदक्षता विभाग. केवढी जड अक्षरं! मी एका दमात वाचली. आणि वाचता आली याचा मला एक क्षण आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

तिसऱ्या दिवशी ती थोडी शुद्धीवर आली. मला आत सोडलं. मी म्हटलं, "जिजा, कावीळच निघाली."

ओठ सुकले होते, पण टोमणा सुकला नव्हता. "तुमचं पुस्तक मांगच राह्यलं. मी पुढं निघून आली."

मग विचारलं, "आनलं का?"

पुस्तिका खिशात होती. मी सोळावं पान काढलं. मुलांचं कुपोषण, नागलीची लापशी. तिला त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

पुढं गावात कोणाचं पोट दुखलं की मी एकच औषध सांगू लागलो: जीप. लोक हसतात. आता कोणतंही पुस्तक हाती आलं की मी आधी शेवटचं पान वाचतो. मधुकरराव रागावतात, म्हणतात, "चिंधू, अशानं मजा जाते." जाऊ द्या म्हणतो. पोटाच्या पुस्तिकेचं शेवटचं पानही मग मी वाचलं. त्यावर दुखणं नव्हतंच. लिहिलं होतं, "ही पुस्तिका जवळ ठेवा. गरज पडेल ते पान काढून वाचा."

आकडा चुलीपाशी राखेत सापडला. तो मी कशालाच लावत नाही.

माझी बायको जिजाबाई, वय बावन्न, सतरा फेब्रुवारी चौऱ्याण्णवला, गुरुवारी सकाळी दवाखान्यात वारली. पान सतरा वाचायचं राहिलं.