डोक्याला हात

विष्णू पेंढारकरने जूनमधल्या त्या संध्याकाळी कढई घासता घासता एकदा "हो" म्हटलं, एकदा "चालेल" म्हटलं आणि एकदा नुसती मान हलवली. तिन्हींचे प्रश्न त्याला ऐकू आले नव्हते.

मागे टेबलापाशी शोभना लॅपटॉप उघडून बसली होती. डोक्यावर किचनची चिमणी घरघरत होती, नळ चालू होता. अशा वेळी बायकोचं बोलणं त्याच्यापर्यंत शेजारच्या इमारतीतल्या रेडिओसारखं पोचायचं. कोणीतरी बोलतंय एवढं कळायचं, काय ते नाही. मागे वळून "काय म्हणालीस?" असं विचारायची सोय होती, पण दिवसातून तीस वेळा विचारल्यावर ती सोय उरत नाही. "हो" हा सगळ्यात कमी धोक्याचा शब्द, असा त्याचा अनुभव होता. (लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, त्यामुळे अनुभव दांडगा होता.)

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०१५ साली, त्याचे कान उतरणीला लागले. डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दाखवला, कानात घालायच्या यंत्रासाठी चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी त्याने गाडीच्या कप्प्यात, जुन्या पार्किंगच्या तिकिटांखाली सारली. कारण होतं त्याचं काम. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या एका कंपनीत विष्णू गाड्यांमधले नको ते आवाज शोधायचा. कुठलं दार करकरतं, डॅशबोर्डच्या आत कुठला स्क्रू खुळखुळतो, हे तो डोळे मिटून सांगायचा. हेर (म्हणजे जर्मनमधले श्रीयुत) पेंढारकरचे कान म्हणजे शेवटचा शब्द, असं तिथे मानत. आता तो स्क्रीनवरच्या रेषा बघून आवाज ओळखायचा आणि मीटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणायचा. ऑफिसात लोकांना वाटायचं, याचं जर्मन कच्चं राहिलंय. घरी शोभनाला वाटायचं, नवऱ्याचं लक्ष नसतं. दोन्ही समज त्याने तसेच राहू दिले. जर्मन कच्चं म्हणून कोणी नोकरीवरून काढत नाही, आणि लक्ष नसलेले नवरे तर घरोघरी असतात.

तीन आठवड्यांनी सकाळी शोभना समोर येऊन उभी राहिली. "अहो, छातीचं माप किती तुमचं? सूटसाठी पाठवायचंय."

हे त्याला नीट ऐकू आलं. तिची पन्नाशी जवळ आली होती. त्यासाठी आपल्यालाही सूट शिवला जातोय, या विचाराने त्याला जरा भरून आलं.

"चव्वेचाळीस. पण काळा नको."

"काळाच असतो," ती म्हणाली आणि माप लिहून घेतलं.

खुलासा झाला तो छापील कागदावरून. कोलोनला शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने, शमिकाने, आईला वाढदिवसाची भेट दिली होती. ऑगस्टमध्ये उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटापाशी बोटीने जायचं, वाटाड्याबरोबर समुद्रात उतरायचं, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगायचं, आणि जवळ आलेच तर रानटी सील आणि देवमासे बघायचे. खाली लिहिलं होतं: हेर विष्णू पेंढारकर. पोहता येतं: हो. नळी लावून पाण्यात उतरण्याची तयारी: हो. थंड पाण्याची सवय: हो.

विष्णूला पोहता येत नव्हतं. थंड पाण्याची त्याची सवय एवढीच, की मागच्या हिवाळ्यात बॉयलर बिघडला होता.

तेव्हा खरं बोलता आलं असतं. पण मग ते तीन "हो" कुठून आले, हेही सांगावं लागलं असतं. शिवाय शोभना कित्येक महिन्यांनी आपणहून बोलत होती. रोज समोर बसून नियम वाचून दाखवत होती: प्राण्यांच्या मागे जायचं नाही, हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, दोर सोडायचा नाही. ते आले तर आले, नाही आले तर परत. विष्णू दोनदा गावातल्या हालेनबादला, म्हणजे छपराखालच्या पोहण्याच्या तलावावर, जाऊन आला. कमरेइतक्या पाण्यात, लहान मुलांच्या रांगेत, काठ धरून त्याने पाय मारून बघितले. पंधरा मिनिटांनी तो होता तिथेच होता.

त्या दिवशी समुद्र करडा होता आणि वारा बोचरा. बोटीवर अकरा प्रवासी. वाटाडी फ्राउ हान्सेन, म्हणजे हान्सेनबाई, साठीची, उन्हावाऱ्याने रापलेली. तिने आधीच सांगून टाकलं, की इथला देवमासा म्हणजे श्वाइन्सवाल. त्याच्या नावात डुक्कर आहे आणि लांबी दीड मीटर. फार आशा ठेवू नका. शोभनाने आशा ठेवलेली दिसत होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

रबरी सूट चढला, रबरी टोपी कानांवरून ओढली गेली, आणि मग फ्राउ हान्सेनने वाऱ्याकडे तोंड करून खुणा समजावल्या. विष्णूला दिसल्या दोन. एक, हात डोक्यावर ठेवायचा. दोन, हात वर करून जोरजोरात हलवायचा. कोणती कशासाठी, ते वारा घेऊन गेला. पण त्यात अवघड ते काय? हात हलवणं म्हणजे टाटा, मजा चाललीय. डोक्याला हात म्हणजे संपलं सगळं. जन्मापासून त्याने हेच पाहिलं होतं.

"फेरश्टांडन?" समजलं ना, असं फ्राउ हान्सेनने त्याच्याकडे बघून विचारलं.

"गेनाऊ," विष्णू म्हणाला.

पाण्यात तरंगणारा एक लांब दोर होता. एक आजीबाई बोटीवरच थांबल्या, बाकी सगळे तो धरून पालथे पडले. सूटमुळे विष्णू बुडत नव्हता, हे बघून त्याला धीर आला. तेवढ्यात कोणीतरी त्याच्या पायातला रबरी पंख धरून ओढला. त्याने वळून पाहिलं. एक सील. राखाडी तोंड, ओल्या मिशा, आणि डोळे इतके मोठे आणि शांत, की तो क्षणभर भीतीही विसरला. मग सीलने पंख पुन्हा चावून बघितला आणि विष्णूने दोर सोडला.

पुढचं फार वेगाने झालं. मास्कमध्ये पाणी, नळीत पाणी, नाकात पाणी. पाय मारावेत तर तो उलटाच होई. ओढ्याने काडी न्यावी तसा प्रवाह त्याला नेत होता. सील बरोबर येत होता, दोन हातांवरून बघत होता. धरण्यासारखी एकच गोष्ट जवळ होती, आणि नेमकी तिलाच हात लावायला बंदी होती. विष्णूने हात लावला नाही. त्याने उरलेलं सगळं बळ गोळा केलं आणि हात डोक्यावर ठेवला.

लांब बोटीजवळून फ्राउ हान्सेननेही हात डोक्यावर ठेवला. तिलाही कळलंय, या विचाराने त्याला हायसं वाटलं. त्याने परत डोक्याला हात लावला. तिनेही लावला. आणि मग तिने पाठ फिरवली. सगळ्यांनीच फिरवली, कारण पलीकडच्या बाजूला पाण्यातून काहीतरी काळं वर आलं होतं.

खारं पाणी घशात जात असताना विष्णूला एकच दिसत राहिलं. दोराला धरलेली नऊ डोकी, त्यातली आठ पाठमोरी. एक त्याच्याकडे तोंड करून होतं.

पुढे काय झालं ते त्याला नंतर कळलं. शोभना ओरडली, माझा नवरा बुडतोय. फ्राउ हान्सेन म्हणाली, नाही, तो ठीक आहे असं सांगतोय, बघा, हात डोक्यावर आहे. शोभना म्हणाली, "मी त्याला चोवीस वर्षं ओळखते. तो ठीक असला की काहीच करत नाही."

छोटी बोट आली. सूटची मान धरून त्याला वर ओढलं. त्याने बरंच पाणी ओकलं, थोडं छोट्या बोटीत, बरंचसं फ्राउ हान्सेनच्या बुटांवर.

मोठ्या बोटीवर त्याला चंदेरी कागदात गुंडाळून बसवलं. शोभना समोर बसली. तिचे ओठ निळे पडले होते, आणि त्या ओठांवरूनच त्याला शब्द कळत होते.

"पोहता येत नाही तुम्हाला."

"नाही."

"मग हो का म्हणालात?"

विष्णूचे दात वाजत होते. "मला ऐकू नव्हतं आलं. मला ऐकूच येत नाही, शोभना. दोन वर्षं झाली."

ती त्याच्या कानांकडे बघत राहिली, तिथे काही लिहिलेलं असावं तशी.

"मार्चमध्ये मी तुम्हाला एक विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, माझं इथे मन लागत नाही. भिंतींशी बोलून कंटाळा आलाय. ऑक्टोबरपासून मी पुण्याला जाऊन राहते, कायमची. तुम्ही म्हणालात, चालेल."

"मी काय करत होतो तेव्हा?"

"भांडी घासत होतात."

विष्णूला वाटलं, पाण्यात होतो तेच बरं होतं.

"वळूनसुद्धा नाही बघितलंत," ती म्हणाली. "मी त्या रात्री तिकीट काढलं. म्हटलं, चोवीस वर्षांचा निकाल एका शब्दात लागला."

"नको जाऊस."

"काय?" वाऱ्यात तिला ऐकू आलं नाही.

"नको जाऊस," तो मोठ्याने म्हणाला. बोटीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

शोभना जवळ सरकली. तिने त्याच्या कानांवरची रबरी टोपी सोडवली, दोन्ही हातांनी, आणि टॉवेलने त्याचे कान खसाखसा पुसायला लागली. ती रडत होती की अंगावरचं पाणीच निथळत होतं, ते सांगणं अवघड होतं.

"देवमासा कसा होता?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? मी तुमच्याकडे बघत होते."

बोटीवर थांबलेल्या त्या जर्मन आजीबाई हे मघापासून बघत होत्या. शब्द त्यांना कळत नव्हते, पण या बाईला देवमासा दिसला नाही एवढं कळलं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. त्या कॅमेरा घेऊन आल्या. माझ्याकडे एकच फोटो चांगला आलाय, देवमासा बोटीखालून दुसऱ्या बाजूला निघाला तेव्हाचा, म्हणाल्या, तुम्हाला ईमेलने पाठवते. छोट्याशा पडद्यावर करडं पाणी होतं, मधोमध चमकणारा काळा त्रिकोणी पर, आणि मागे दूरवर, लाटांमध्ये, एक काळा गोळा.

"फक्त मागे तो बोया आलाय," आजी म्हणाल्या. "फोटो बिघडतो त्याने. कापून पाठवू का?"

शोभनाने कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या. तो आमचा आहे."

"आख झो," अस्सं होय, अशा सुरात आजी म्हणाल्या. "मग जाताना न्यायला विसरू नका."